शहाजीराजांची पालखी, बाखचा कागद आणि हरवलेली चाल

१६८४ साली तंजावरच्या गादीवर बारा वर्षांचा एक मराठी मुलगा बसला. पुढच्याच वर्षी, १६८५ च्या मार्चमध्ये, जर्मनीतल्या आयझेनाख गावात एका वादकाच्या घरी एक मुलगा जन्मला. पहिला शहाजी भोसले, दुसरा योहान सेबास्टियन बाख. दोघांनीही आयुष्यभर गाणं रचलं, आणि दोघांचं बरंचसं गाणं देवासाठी होतं.

दुसऱ्याचं नाव तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात ज्या काळाला बरोक म्हणतात, त्याचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे बाख. पहिल्याचं नाव सांगितलं तर महाराष्ट्रातला माणूस विचारतो, "म्हणजे शिवरायांचे वडील ना?" नाही. हे त्यांचे नातू. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडची पद्धत, म्हणून हा गोंधळ.

एकाचं नाव जगभर आणि दुसऱ्याचं स्वतःच्या भाषेतसुद्धा नाही, असं का झालं? "बाख जास्त थोर होता म्हणून" हे उत्तर चटकन तोंडात येतं. पण तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर या उत्तरापाशी जरा थांबा. हे विधान तपासायचं कसं? दोघांचं गाणं शेजारी ठेवून ऐकता आलं असतं तर तुलना झाली असती. तसं ऐकता येत नाही. का येत नाही, तेच आज बघू. माझं स्वतःचं काम रसायनशास्त्रातलं आहे, तरी हा विषय निवडलाय, कारण पुरावा म्हणजे काय हे मला इथे जितकं स्वच्छ दिसलं तितकं पद्धतिशास्त्राच्या पुस्तकात दिसलं नव्हतं.

हे शहाजीराजे कोण?

भिवंडीपासूनच सुरुवात करतो. १६५७ च्या अखेरीस शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. त्याच काळात महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे, म्हणजे एकोजी, वडिलांबरोबर कर्नाटकात होते. पुढे १६७५-७६ च्या सुमाराला व्यंकोजींनी तंजावर घेतलं आणि कावेरीच्या काठी भोसल्यांचं दुसरं राज्य उभं राहिलं. ते १८५५ पर्यंत टिकलं. व्यंकोजींचे तीन मुलगे एकामागून एक गादीवर बसले: शहाजी (१६८४ ते १७१२), सरफोजी (१७१२ ते १७२८) आणि तुकोजी ऊर्फ तुळजाराजे (१७२८ ते १७३६).

या घराण्यापुढे एक पेच होता. राजाची भाषा मराठी, प्रजेची तमिळ, आधीच्या नायक राजांमुळे दरबारातल्या काव्य-संगीताची भाषा तेलुगू, आणि शास्त्राची संस्कृत. शहाजीराजांनी त्यातली एक निवडून बाकीच्या बाजूला सारल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांतच लिहिलं. तेलुगूत त्यांच्या नावावर वीसच्या आसपास यक्षगान नाटकं आहेत. 'पंचभाषाविलास' या नाटकात तर संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र येतात. १६९३ साली त्यांनी तिरुविशनल्लूर हे गाव ४६ विद्वानांना इनाम दिलं, त्याचं नाव शहाजीराजपुरम पडलं.

मराठीतलं त्यांचं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे नाटक साधारण १६९० च्या सुमाराचं मानतात. आता हे बघा: मराठी नाटकाचा आरंभ आपण विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवर'पासून धरतो, आणि तो प्रयोग सांगलीला झाला १८४३ मध्ये. मधे दीडशे वर्षं आहेत. तंजावर लांब, तिथली मराठी वेगळ्या वळणाची, हस्तलिखितं तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात. त्यामुळे आपल्या इतिहासाच्या पहिल्या पानावर ते आलंच नाही. इतिहासाचं पहिलं पान कुठून सुरू होतं हे पुष्कळदा आपण कुठली कपाटं उघडली त्यावर ठरतं.

शहाजीराजांची सगळ्यात गाजलेली रचना मात्र तेलुगू आहे: 'पल्लकी सेवा प्रबंधमु'. पल्लकी म्हणजे पालखी. तिरुवारूरचा त्यागराज, म्हणजे शंकर, हे या भोसल्यांचं लाडकं दैवत. (याच गावात पुढे जन्मलेले संगीतकार त्यागराज वेगळे, त्यांना नाव या देवाचं.) विरहात झुरणारी गौरी, तिच्या सख्या, आणि पालखीतून येणारा देव, अशी साधी गोष्ट. पण ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाण्यातून सांगितलेली. म्हणूनच मद्रासचे संगीतशास्त्रज्ञ पी. सांबमूर्ती यांनी तिला ऑपेरा म्हटलं आणि १९५५ साली तिची संपादित आवृत्ती काढली.

तिकडे बाख

'बरोक' हा शब्द पोर्तुगीज, वेड्यावाकड्या आकाराच्या मोत्यासाठीचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे कलेच्या एका काळाला तो चिकटला. संगीतात हा काळ साधारण १६०० ते १७५० धरतात. तो आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. आपली कामवारी ज्या खाडीला मिळते तिच्या मुखाशी वसईचा किल्ला आहे. १५३४ ते १७३९ वसई पोर्तुगीजांकडे होती, म्हणजे चिमाजी अप्पांनी ती घेतली तेव्हा बाख ५४ वर्षांचा होता.

बाखचं चरित्र थोडक्यात: दहाव्या वर्षी आई-बाप दोघेही गेले, थोरल्या भावाने सांभाळलं. विशीत असताना बुक्स्टेहुडे या ऑर्गनवादकाला ऐकायला सुमारे चारशे किलोमीटर चालत गेला. वायमारच्या दरबारात नोकरी केली. ती सोडायचा हट्ट धरला म्हणून १७१७ मध्ये जवळजवळ महिनाभर कैदेत पडला. मग क्योटेन, आणि १७२३ पासून मरेपर्यंत लाइपझिग. तिथल्या मुख्य चर्चमधलं संगीत आणि शाळेतल्या पोरांना गाणं शिकवणं, अशी दुहेरी नोकरी. वीस मुलं झाली, त्यातली दहाच मोठी झाली. २८ जुलै १७५० ला तो वारला. हयातीत त्याची ख्याती रचनाकार म्हणून कमी आणि ऑर्गन वाजवणारा म्हणून जास्त होती.

आता संशोधकाच्या कामाची गोष्ट.

कागद बोलतो कसा

लाइपझिगला बाखला रविवारच्या प्रार्थनेसाठी कँटाटा लागायची. कँटाटा म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठी रचलेलं, साधारण वीस-पंचवीस मिनिटांचं गाणं. अशा सुमारे दोनशे रचना आज उपलब्ध आहेत. बहुतेकींवर तारीख नाही. मग त्या कधी रचल्या?

फिलिप श्पिट्टा या जर्मन अभ्यासकाने १८७३ आणि १८८० मध्ये बाखचं दोन खंडांत प्रचंड चरित्र लिहिलं. त्याने कालक्रम लावला, आणि त्यात कोराल कँटाटांचा मोठा गट १७३५ नंतरच्या वर्षांत टाकला. त्यातून एक चित्र तयार झालं: म्हातारपणापर्यंत दर रविवारी देवाची गाणी रचत राहणारा भाविक बाख. हे चित्र लोकांना आवडलं आणि सत्तरेक वर्षं टिकलं.

१९५० च्या दशकात आल्फ्रेड ड्युर आणि गेओर्ग फॉन डाडेलझेन या दोघांनी मूळ कागद परत हातात घेतले. सूर बाजूला ठेवले आणि कागद पाहिला. त्या काळी कागद हाताने बनायचा. तारांच्या चाळणीत लगदा उचलायचा, आणि चाळणीवर कारखान्याची खूण म्हणून तारेचीच एक आकृती शिवलेली असायची. कागद उजेडासमोर धरला की ती दिसते. हाच वॉटरमार्क. चाळणी झिजते, बदलते, म्हणून खूणही बदलते. आणि कागद काही वर्षानुवर्षं साठवून ठेवत नाहीत, घेतला की वापरून टाकतात. त्यामुळे तारीख असलेल्या एखाद्या पत्रावर जी खूण, तीच जर कँटाटाच्या कागदावर, तर दोन्ही आसपासच्या काळातले.

वॉटरमार्क श्पिट्टानेही पाहिले होते. या दोघांनी त्याला दुसरी साखळी जोडली: नकलकारांची अक्षरं. बाख मूळ संहिता लिहायचा, आणि प्रत्येक गायक-वादकासाठीचे वेगळे कागद शाळेतली पोरं आणि घरातली माणसं उतरवून काढायची. पोरगा शाळेत असतो चार-सहा वर्षं; त्या काळात त्याचं अक्षर बदलतं, पुढे तो निघून जातो. कुठलं अक्षर कुठल्या खुणेच्या कागदावर आणि कुठल्या दुसऱ्या अक्षराच्या शेजारी दिसतं, याची जुळणी त्यांनी केली. दोन स्वतंत्र साखळ्या एकाच तारखेकडे बोट दाखवू लागल्या.

निकाल असा लागला की कोराल कँटाटा १७२४-२५ च्या निघाल्या, दहा-वीस वर्षं अलीकडच्या नाहीत. लाइपझिगला आल्यावर पहिल्या काही वर्षांतच बाखने जवळजवळ आठवड्याला एक या वेगाने रचना करून ठेवली आणि पुढे त्याच परत परत वापरल्या. १७२९ पासून तर तो शहरातल्या हौशी वादकांच्या मंडळाबरोबर कॉफीघरात कार्यक्रम करत होता. शेवटपर्यंत फक्त चर्चसाठी लिहिणारा बाख हे चित्र कागदाने मोडून काढलं. त्यातला एकही सूर बदलला नव्हता. बदलली ती गोष्ट.

तुमच्यासाठी यातली मेख अशी: नवा पुरावा सापडला नव्हता. कागद तेच होते, ग्रंथालयात पडून होते. प्रश्न नवा होता.

बाखचीही चाल हरवते

आता जिथे बाख आणि शहाजीराजे एका रांगेत येतात तिथे जाऊ.

१७३१ च्या गुड फ्रायडेला बाखने लाइपझिगमध्ये 'मार्क पॅशन' सादर केलं. येशूच्या अखेरच्या दिवसांची कथा, पिकांडर या कवीने लिहिलेली. शब्द छापलेले आहेत, सगळे मिळतात. संगीत हरवलंय. त्याच्या मृत्यूनंतर हस्तलिखितं मुलांत आणि बायकोत वाटली गेली. थोरल्या मुलाने, विल्हेल्म फ्रीडेमानने, हलाखीत आपल्या वाट्याची पुष्कळशी विकली. १७५४ मध्ये छापलेल्या मृत्युलेखात पाच वर्षांच्या कँटाटांचा उल्लेख आहे. तो खरा धरला तर शंभराच्या वर कँटाटा गेल्या.

मग अभ्यासकांनी काय केलं? 'मार्क पॅशन'च्या काही कडव्यांची वृत्तरचना १७२७ च्या एका शोकगीताशी ओळीला ओळ जुळते, हे एकोणिसाव्या शतकातच लक्षात आलं होतं. बाख जुन्या चालीत नवे शब्द बसवायचा, हे इतर रचनांवरून पक्कं माहीत आहे. म्हणून तर्क केला की ही चाल तिथली. जिथे असा आधार मिळाला नाही तिथे संपादकांनी आपापली भर घातली. आज 'मार्क पॅशन'च्या अनेक पुनर्रचना गायल्या जातात, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. तरी "मार्क पॅशन नव्हतंच" असं कुणी म्हणत नाही. कामाच्या यादीत त्याला स्वतःचा क्रमांक आहे, २४७.

पालखी कुठल्या चालीत निघायची?

आता तंजावरला या. शहाजीराजांच्या रचनांची हस्तलिखितं सरस्वती महालात आहेत. पदाच्या डोक्यावर रागाचं नाव, तालाचं नाव, आणि खाली शब्द. गाणाऱ्याला तेवढं पुरायचं, कारण चाल त्याच्या गळ्यात गुरूकडून आलेली असायची. म्हणजे 'मार्क पॅशन'पेक्षा इथे एक पायरी जास्त मिळते. पिकांडरच्या छापील पानावर कडव्याचा स्वर कुठला हे लिहिलेलं नाही. इथे राग लिहिलाय.

पण राग लिहिला म्हणून चाल मिळाली असं होत नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. हिंदुस्तानी तोडी आणि कर्नाटक तोडी हे दोन वेगळे स्वरसमूह आहेत. कर्नाटक तोडीचे स्वर म्हणजे आपल्या भैरवीचे. त्यांचा हिंदोलम आपल्याला मालकंससारखा ऐकू येतो, आपला हिंडोल निराळाच. आज दोन प्रदेशांत एका नावाचा अर्थ इतका बदलतो, तर तीनशे वर्षांत काय काय बदललं असेल! रागाचं नाव हा पत्ता आहे. त्या पत्त्यावर तेव्हा कोण राहत होतं हे वेगळं शोधावं लागतं.

हे शोधायची सोयही त्याच घराण्याने करून ठेवली आहे. शहाजीराजांच्या नावावर 'रागलक्षणमु' हा ग्रंथ आहे. कुठला राग कुठल्या मेळात बसतो, कुठला स्वर वर्ज्य, कुठला वक्र, आणि कुठले स्वरसमूह त्या रागात येतात, हे त्यात दिलंय. पाठोपाठ त्यांचे धाकटे भाऊ तुळजाराजे यांनी 'संगीत सारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातही रागाखाली त्या काळच्या गीत, ठाय अशा रचनांतले स्वरांचे तुकडे नमुना म्हणून उद्धृत केले आहेत. लाइपझिगला 'मार्क पॅशन' गायलं गेलं त्या वर्षी तंजावरच्या गादीवर हेच तुळजाराजे होते. एस. सीता यांनी तंजावरच्या संगीतपरंपरेवर संशोधन केलं, त्यांचा ग्रंथ मद्रास विद्यापीठाने १९८१ मध्ये काढला. 'रागलक्षणमु'ही पुढे त्यांनीच संपादित केलं.

म्हणजे "भारतात संगीत लिहून ठेवत नसत" हे जे वाक्य आपण सर्रास ऐकतो, ते असंच्या असं वापरू नका. सा-रि-ग-म लिहीत होते. फरक कशासाठी लिहीत होते यात आहे. लाइपझिगला दर आठवड्याला नवी रचना, शिकाऊ पोरं, दोन-तीन तालमी, की रविवारी सादर. तिथे प्रत्येक वाजवणाऱ्यापुढे सगळंच्या सगळं लिहिलेला कागद नसेल तर काम अडणार. तंजावरला तीच रचना देवळात वर्षानुवर्षं गायची, आणि गाणारा त्यातच वाढलेला. तिथे लिखाणाचं काम आठवण करून देण्यापुरतं.

भिवंडीच्या माणसाला हे मागावरून पटकन कळेल. जकार्ड मागाला नक्षीचं कार्ड लागतं. प्रत्येक भोकाने कुठला धागा उचलायचा ते ठरलेलं, म्हणून नवखा कारागीरही तीच नक्षी काढतो. हातमागावरच्या जुन्या विणकराला धाग्यांची मोजणी डोक्यात असायची. पन्नास वर्षांनी कार्ड सापडलं तर नक्षी परत विणता येईल. विणकर गेला आणि कुणी शिकलं नसेल, तर उरेल तो कापडाचा तुकडा. तो तुकडा पाहून "याला नक्षी येत नव्हती" असं मात्र कुणी म्हणणार नाही.

सापडलं नाही म्हणजे शून्य नाही

माझ्या विषयातली एक सवय इथे तुम्हाला उसनी देतो. समजा, पाण्याच्या नमुन्यात एखादा धातू शोधतोय. उपकरणाला तो दिसला नाही. रिपोर्टमध्ये 'शून्य' लिहायचं नसतं. लिहायचं असतं, 'शोध-मर्यादेच्या खाली', आणि शेजारी ती मर्यादा किती हेही द्यायचं. कारण न दिसणं हा पाण्याचा जसा गुण असू शकतो तसा उपकरणाचाही असू शकतो. दुसरं उपकरण लावलं की तोच धातू दिसायला लागतो.

संगीताच्या इतिहासाचं उपकरण बराच काळ लिखित संहिता हेच होतं. त्याला बाख लख्ख दिसतो. शहाजीराजे अर्धवट दिसतात. ज्यांच्या गळ्यात ती चाल होती त्या गायिका, नर्तकी, नट्टुवनार, त्या उपकरणाला जवळजवळ दिसतच नाहीत.

इथे काय पणाला लागलं होतं ते बघा. बाखच्या बाबतीत कागद टिकला, कारण तो टिकवणारी माणसं होती. अॅना माग्डालेनाने नवरा गेल्यावर कोराल कँटाटांचे वादकांसाठीचे कागद शाळेकडे दिले, ते टिकले. दुसऱ्या मुलाने, कार्ल फिलिप इमॅन्युएलने, आपला वाटा नीट सांभाळला. मेंडेल्सोनने १८२९ मध्ये बर्लिनला 'मॅथ्यू पॅशन' पुन्हा सादर केलं. १८५० मध्ये बाखच्या नावाची संस्था निघाली, आणि तिने अर्धशतक खपून त्याचं उपलब्ध संगीत छापलं. तंजावरचा कागदही टिकला; दुसऱ्या सरफोजीराजांनी ग्रंथालय वाढवलं, राज्य खालसा झाल्यावरही ते राहिलं. पण तिथली निम्मी संहिता कागदावर नव्हतीच. ती माणसांत होती, आणि माणसांचा आश्रय गेला. आधी दरबार गेला. मग देवदासी प्रथा बंद करणारा कायदा मद्रास प्रांतात १९४७ मध्ये आला. प्रथेतलं शोषण खरं होतं, कायद्यामागची कारणंही खरी होती. पण त्या बायकांना फक्त 'प्रथा' म्हणून मोजलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्यांची चाल जपणाऱ्या म्हणून त्यांच्याकडे बसून ती उतरवून घेणारे फार थोडे निघाले. 'मार्क पॅशन' हरवलं ते एका घराच्या वाटणीत. देवळातलं गाणं हरवलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

योगायोग आणि संबंध यांतला फरक

दोन समकालीन माणसं शेजारी ठेवली की एक मोह होतो: त्यांचा धागा जोडायचा. धागे आहेतही. १७०६ साली, शहाजीराजे गादीवर असताना, तंजावरच्या राज्याला लागून असलेल्या तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत झीगेनबाल्ग नावाचा जर्मन धर्मोपदेशक उतरला. तो हाले इथे शिकलेला. ते हँडेलचं जन्मगाव. तो लूथरपंथी होता, आणि त्याच पंथाच्या प्रार्थनागीतांवर बाखच्या कोराल कँटाटा उभ्या आहेत. पुढे हालेहूनच आलेला श्वार्ट्झ हा पाद्री जुलै १७५० मध्ये, बाख गेला त्याच महिन्यात, तमिळ भूमीवर उतरला, आणि कालांतराने दुसऱ्या सरफोजीराजांचा पालक-शिक्षक झाला. सरफोजींच्या काळात तंजावर दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँडही होता.

हे सगळं खरं आहे, आणि वाचायला मजाही येते. पण यावरून "शहाजीराजांवर जर्मन संगीताचा प्रभाव होता" असं एक वाक्य जरी लिहिलंत तर व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि यायलाच हवा. एकाच वेळी असणं हा योगायोग. संबंध म्हणायचा तर वाट दाखवावी लागते: कोणी, कोणाला, काय, कधी दिलं. शहाजीराजांच्या बाबतीत तशी वाट दिसत नाही. दुसऱ्या सरफोजींच्या बाबतीत ती स्पष्ट दिसते, पण ते शंभर वर्षांनंतरचे.

मग या दोघांची तुलना कशाला? प्रभाव शोधण्यासाठी नाही. एकाच्या अभ्यासात जी पद्धत आपण मुकाट मान्य करतो, ती दुसऱ्यालाही लावतो का, हे तपासण्यासाठी. 'मार्क पॅशन'ची चाल तर्काने बसवली की ती 'पुनर्रचना'. पालखीची चाल परंपरेतून घेतली की तो 'ऐकीव पुरावा'. दोन्हीकडे शंका सारखीच घ्यावी, आणि विश्वासही सारख्याच मोजमापाने ठेवावा.

तुमच्या प्रस्तावासाठी तीन गोष्टी

एक, साहित्याचा आढावा लिहिताना "यावर संशोधन झालेलं नाही" हे वाक्य लिहिण्याआधी कुठल्या भाषेत शोधलं ते स्वतःला विचारा. शहाजीराजांवरचं काम मराठीत कमी, पण इंग्रजी, तमिळ, तेलुगूत बरंच आहे.

दोन, एका पुराव्यावर तारीख ठरवू नका. वॉटरमार्कला अक्षराची जोड मिळाली तेव्हा कालक्रम बसला. तुमच्या विषयातल्या दोन स्वतंत्र साखळ्या कुठल्या, ते प्रस्तावातच लिहा. गाइड खूश होतील, ते जाऊ द्या. तुमचं चौथं वर्ष वाचेल.

तीन, तुमच्या पुराव्याचा कुठला भाग माणसांत आहे ते ओळखा, आणि त्याला आधी हात घाला. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.

हे तिसरं फक्त तंजावरचं नाही. भिवंडी तालुक्यातल्या आगरी लग्नांत धवलारीण असते. ती धवले गाते, आणि गाता गाता लग्नाचे विधी लावते. तेराव्या शतकातल्या महदंबेच्या 'धवळ्यां'चे शब्द आपल्याकडे आहेत, मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचे शब्द म्हणून ते आपण अभ्यासाला लावतो. ते कुठल्या चालीत गायले गेले ते नाही आपल्याकडे. आजच्या धवलारणींची चाल मात्र अजून ऐकता येते. शब्द उतरवून घेणारे अभ्यासक भेटतात. चाल, लय, श्वास कुठे घेतला, कुणाकडून शिकल्या, कुठल्या विधीला कुठलं गाणं, हे सगळं एकत्र नोंदवायला फार काही लागत नाही: मोबाइल, त्यांची परवानगी, आणि नोंदवहीत त्यांचं नाव. नाव नक्की लिहा, त्यांची हरकत नसेल तर. तंजावरच्या गायिकांच्या बाबतीत राहून गेलेली पहिली गोष्ट तीच होती.

येत्या लग्नसराईत कुणा आगरी मित्राकडचं आमंत्रण आलं, तर हळदीच्या आधी पोहोचा आणि धवलारणीच्या जवळ बसा.